दुबईत फ्लॅट घेताय? आधी हे बघून घ्या
दुबईत गुंतवणुकीसाठी फ्लॅट घ्यायचा तर आधी माणूस शोधा मग फ्लॅट, म्हणजे तिथेच राहणारा आणि रेराचं (दुबईतली रिअल इस्टेटवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) ब्रोकर कार्ड असलेला. कार्ड नंबर दुबई लँड डिपार्टमेंटच्या दुबई रेस्ट ॲपवर स्वतः टाकून बघा, ओळखीचा आहे म्हणून सोडून देऊ नका. बांधकाम चालू असलेला प्रोजेक्ट असेल तर हप्ता त्या प्रोजेक्टच्या एस्क्रो खात्यातच (फक्त त्याच बांधकामासाठी बँकेत वेगळं ठेवलेलं खातं) भरायचा, २००७ च्या कायद्याने ते बंधनकारकच आहे, ब्रोकर कितीही गोड बोलला तरी त्याच्या खात्यावर एक दिरहमसुद्धा पाठवायचा नाही, आणि ऊकूद, म्हणजे बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटची सरकारी नोंदणी, झाली का ते विचारत राहायचं. माझ्या मावसभावाने तिथल्या मित्राला साइटवर पाठवलं, त्याने व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर ब्रोशरमधल्या बाल्कनीतून समुद्र दिसतच नव्हता, समोर दुसऱ्या टॉवरची भिंत! थोडक्यात वाचला. किमतीवर ४% नोंदणी फी, साधारण २% ब्रोकरचे आणि दरवर्षीचा सर्व्हिस चार्ज धरूनच भाड्याचा हिशोब मांडा. भारतातून पैसे पाठवणार असाल तर बँकेतून एलआरएसनेच (परदेशात पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची योजना), आर्थिक वर्षात माणशी २,५०,००० डॉलरपर्यंत, आणि इन्कम टॅक्स रिटर्नमध्ये शेड्यूल एफएत (परदेशी मालमत्तेचा तक्ता) फ्लॅट दाखवायचा, सीएला आधीच सांगून ठेवा.