मार्चमधला तो एक तास

इंदूरच्या आमच्या छोट्या ऑफिसातून दर मंगळवारी न्यूयॉर्क आणि लंडनशी मीटिंग असते. आपले संध्याकाळचे साडेसात, म्हणजे न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ. मार्चमध्ये एकदा साडेसहालाच फोन आला, "आम्ही वाट बघतोय." मी तेव्हा छप्पन दुकान या इथल्या खाऊगल्लीत, हातात खोपरा पॅटिस. तशीच धावले. फार वाईट वाटलं.

अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी उन्हाळ्यासाठी घड्याळं तासभर पुढे जातात, ब्रिटनमध्ये शेवटच्या. मधले दोन-तीन आठवडे त्या दोघांतलं अंतर पाचऐवजी चारच तास. आपलं घड्याळ वर्षभर हलत नाही, म्हणून हे आपल्या ध्यानातच येत नाही.

मग कॅलेंडरमधलं जुनं आमंत्रण काढून नवं केलं आणि टाइम झोन भारताऐवजी न्यूयॉर्क निवडला. आता तिथले नऊ नऊच राहतात, आमचे साडेसातचे साडेसहा आपोआप होतात. मेलमध्ये 'ईएसटी' (न्यूयॉर्कची हिवाळ्यातली वेळ) लिहिणंही सोडलं. उन्हाळ्यात तिथे एक तास पुढची ईडीटी असते, त्यापेक्षा सरळ शहराचं नाव बरं. लंडनवाल्यांना त्या आठवड्यांत दोनऐवजी एकला बसावं लागतं, ते आधीच कळवते. ऑक्टोबरअखेरीस ब्रिटनची घड्याळं अमेरिकेच्या आधी मागे येतात, तेव्हा आठवडाभर पुन्हा तेच.