जुनी जिप्सी उभी करताना पैसे आधी पुढच्या ॲक्सलवर घाला

कोकणातल्या पावसात राबलेली मारुतीची फोर व्हील ड्राइव्ह जिप्सी विकत घेतली की बहुतेक जण पहिली धाव डेंटर-पेंटरकडे घेतात. माझं आग्रहाचं सांगणं आहे, रंग सगळ्यात शेवटी. आधी गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) चढवा, पुढची चाकं उतरवा आणि नकलचे गोळे, म्हणजे ॲक्सलच्या टोकाला चाक ज्यांवर वळतं ते, बघा. ग्रीस बाहेर ओघळून त्यावर चिखल बसलेला दिसला, की पैसे कुठे घालायचे ते तिथेच ठरलं.

सामान घेण्याआधी आपली जिप्सी कुठली ते नक्की करा. 1985 ला आली ती 970 सीसीची. 1996 पासूनची किंग 1298 सीसीची, सुरुवातीला कार्ब्युरेटरवाली आणि 2000 पासून एमपीएफआय, म्हणजे पेट्रोल इंजेक्शनवाली. माझी 1999 ची किंग आहे, म्हणजे कार्ब्युरेटर. दुकानात नुसतं "किंगचं सामान द्या" म्हटलं तर एमपीएफआयचा पार्ट हातात पडू शकतो. म्हणून आरसी बुकाचा फोटो जवळ ठेवा आणि चेसिस नंबर सांगून पार्ट नंबर काढून घ्या. मारुतीच्या पार्ट नंबरात पहिले पाच आकडे, मग एम, मग पुढचा भाग असतो. तो नंबर वहीत उतरवा. मग पुण्यात नाना पेठेत विचारा नाहीतर मुंबईत कुर्ल्याला सीएसटी रोडवर, बोलणं नंबरावरच होऊ द्या. सामान्य गिऱ्हाइकाला नवी जिप्सी मिळणं 2019 ला थांबलं, पण लष्कराकडे या गाड्या भरपूर असल्यामुळे चालणारे पार्ट अजून मिळतात.

सगळंच ओरिजिनल घ्या असं मी म्हणणार नाही. ऑइल सील, नकल सीलचा सेट, किंगपिन (नकल ज्यांवर फिरते त्या खुंट्या), ब्रेकची रबरं आणि ट्रान्सफर केसचे (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणाऱ्या पेटीचे) माउंटिंग ओरिजिनलच घ्या. बेअरिंग नावाजलेल्या कंपनीचं असलं आणि त्यावर कोरलेला नंबर जुन्याशी जुळला की चालतं. पत्र्याला मात्र ओरिजिनलचा हट्ट नको. फ्लोअरचा पत्रा चांगला डेंटर जाड पत्र्यातून जास्त टिकाऊ करून देतो.

आता नकल. हबचं लॉक, सर्क्लिप, हब, स्पिंडल असं क्रमाने उतरवून ॲक्सल शाफ्ट बाहेर ओढा. गोळ्यामागे आठ छोटे बोल्ट असतात, ते काढले की पट्टी, रबर सील आणि नमदा सुटतो. हे रबर अखंड कडं आहे. नकल पूर्ण उतरवल्याशिवाय ते जागेवर जात नाही. घाईतला मिस्त्री ते एका जागी कापून वरून चढवतो; पहिल्याच पावसात त्याच चिरेतून पाणी आत जातं. तुम्ही समोर उभे राहा आणि कापू देऊ नका.

किंगपिन वर एक, खाली एक. प्रत्येकाखालच्या शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) वेगवेगळ्या पुडीत बांधा आणि पुडीवर "डावा वर", "उजवा खाली" असं लिहा. नवीन बेअरिंग घातल्यावर, बाहेरचं सील बसवण्याआधी, टाय रॉडच्या (दोन्ही चाकं जोडणाऱ्या स्टिअरिंगच्या दांड्याच्या) भोकात स्प्रिंगकाटा अडकवून नकल ओढून बघा. एक ते पावणेदोन किलोच्या आसपास ती हलू लागली पाहिजे. सैल वाटली तर शिम कमी करा, जड गेली तर वाढवा. साठच्या वेगाला स्टिअरिंग थडथडतं म्हणून लोक थेट नवा स्टिअरिंग डॅम्पर (हादरे दाबणारा शॉकॲबसॉर्बर) लावतात. त्याने थडथड दबते, किंगपिनचा प्ले (ढिलेपणा) तसाच राहतो. आधी किंगपिन आणि टाय रॉड एंड बघा, चाकांचं बॅलन्सिंग करून घ्या, मग डॅम्पर.

नकलमधलं ग्रीस आमटीसारखं पातळ झालं असेल तर ॲक्सलच्या आतलं सील गेलंय आणि डिफरन्शियलचं ऑइल बाहेर येतंय. तेही आत्ताच बदला, नाहीतर सगळं पुन्हा उघडावं लागेल. डिफरन्शियलचं ऑइल दुधाळ, राखाडी दिसलं तर पाणी शिरलंय. तापलेला ॲक्सल ओढ्याच्या गार पाण्यात उतरला की आतली हवा आकसते आणि ब्रीदर (ॲक्सलवरची हवा जाण्या-येण्याची वाट) चोंदलेला असेल तर पाणी सीलमधून आत ओढलं जातं. नवीन सील घालून ब्रीदर तसाच ठेवणं म्हणजे पैसे वाया. तो काढून साफ करा आणि रबरी नळी लावून उंच न्या. मला या एका नळीचं फार महत्त्व वाटतं. जून ते सप्टेंबर आमच्याकडे रस्ता आणि ओढा यांत फारसा फरक नसतो.

ट्रान्सफर केस तीन रबरी माउंटिंगवर लटकलेली असते. ॲक्सिलरेटर दाबताना-सोडताना खालून धक्का येत असेल तर आधी तीच तपासा. आणि फोर व्हील टाकून कोरड्या डांबरावर चाचणी घेऊ नका. मधला डिफरन्शियल नसल्यामुळे गाडी वळणावर अडखळते आणि सगळा ताण नव्या सामानावर येतो. मैदानावर किंवा चिखलात, पुढच्या चाकांचे हब लॉक करून बघा.

पत्र्याचं काम काढाल तेव्हा चेसिसवर ठोकलेल्या नंबरावर आधी टेप लावा. तो पुट्टी-रंगाखाली गेला किंवा घासून पुसट झाला तर आरटीओत छाप निघत नाही. पंधरा वर्षं झालेल्या खाजगी गाडीचं नूतनीकरण फॉर्म 25 भरून पुढच्या पाच वर्षांसाठी होतं आणि गाडी प्रत्यक्ष तपासणीला न्यावी लागते. तारखेच्या आधीच अर्ज करा. इंजिन बदललं असेल तर ते आरसीवर चढलंय का, तेही बघून ठेवा.

रस्त्यावर काढल्यावर पाचशे किलोमीटर झाले की पुन्हा खाली शिरा. प्रत्येक किंगपिनचे चारही बोल्ट टॉर्क रेंचने तपासा, ते सैल होतातच. नकलचा गोळा फडक्याने पुसा. त्यावर ग्रीसचा पातळ तजेला हवा, ओघळ नको. एवढं जमलं की मग पेंटरला फोन करा.