लाँग रनसाठी कुशनवाले शूज घेताय? मग या चुका टाळा

पावसाळा ओसरला की संभाजीनगरच्या विद्यापीठ परिसरात, लातूर-नांदेडच्या बायपासला, परभणीत कृषी विद्यापीठाच्या रस्त्यांवर पहाटे पळणारे वाढतात, अन् पाच-दहा किलोमीटर जमायला लागलं की जो तो एकच विचारतो, गुडघे दुखायलेत, सगळ्यात जास्त कुशनवाला शूज कोणता सांगा. कुशन लागतंच, त्यात वाद नाही. पण दुकानात पाय घातल्याबरोबर जे मऊ वाटतं ते अठराव्या किलोमीटरला तसंच वाटेल असं काही नसतं, आणि बहुतेकांचे पैसे इथंच वाया जातात.

म्हणून पहिली चूक हीच, अंगठ्यानं सोल दाबून बघून शूज पसंत करणं. उभं राहिल्यावर पायावर फक्त आपलं वजन असतं, पळताना मात्र दर पावलाला वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार येतो, त्यामुळं सोलमधला फोम, म्हणजे कुशनचा थर, फारच मऊ असेल तर पूर्ण दबून बसतो आणि लाँग रनच्या शेवटी आधार असा काही उरतच नाही. सोल किती जाड आहे, फोम किती मऊ आहे आणि दबलेला फोम किती लवकर परत वर येतो, या तीन गोष्टी वेगवेगळ्या आहेत, जाड दिसतो म्हणून मऊ असेलच असं नाही. फोमची जातही विचारा. स्वस्त ते मध्यम किमतीच्या बऱ्याच शूजमध्ये ईव्हीए नावाचा फोम असतो, तो थंडीत कडक होतो आणि उन्हाळ्यात मऊ पडतो, म्हणजे परभणीच्या डिसेंबरच्या पहाटे जो शूज दगडासारखा लागला तोच एप्रिलच्या संध्याकाळी वेगळा वाटेल. टीपीयू आणि पेबा जातीच्या फोमला हा फरक कमी पडतो, पण ते महाग. दुकानात निदान दहा-पंधरा पावलं पळून बघा, पळू देत नसतील तर दुसरं दुकान बघा, ऑनलाइन मागवला असेल तर घरातल्या फरशीवर पळून बघा म्हणजे सोल मळत नाही आणि परत करता येतो.

अजून एक पक्का समज म्हणजे वजन जास्त असेल तर जास्त मऊ शूज पाहिजे. लक्झेंबर्गला ८४८ हौशी रनर्सवर अभ्यास झाला होता, २०२० ला तो छापून आला, त्यात दिसायला सारखेच पण एक मऊ आणि एक कडक असे शूज वाटले होते आणि कुणाला कोणता मिळाला हे त्यांना सांगितलं नव्हतं. कडक शूजवाल्यांना दुखापती जास्त झाल्या हे खरं, पण मऊ सोलचा फायदा हलक्या वजनाच्या लोकांत दिसला, जड लोकांत तसा दिसला नाही. तेव्हा वजन ८५-९० किलो असेल तर नुसता मऊ बघू नका, सोलचा तळ रुंद आणि फोम जरा घट्ट असलेला पण घालून बघा.

तसंच ते ओला पाय फरशीवर उमटवून तळव्याची कमान बघायची आणि त्यावरून शूज ठरवायचा. अमेरिकन सैन्यात भरती झालेल्या हजारो जणांवर हे करून बघितलंय, कमान बघून शूज दिले तरी दुखापतीत म्हणावा असा फरक पडला नाही. त्यापेक्षा पळताना पायाला आरामात वाटतंय का हे बघणं जास्त कामाचं.

आता साइज. खरं सांगायचं तर निम्म्या तक्रारी फोमच्या नसतातच, साइजच्या असतात. लोक ऑफिसच्या बुटाचा नंबर सांगतात आणि तोच रनिंग शूजला घेतात. तास-दोन तास पळाल्यावर पाय सुजतो, पुढं सरकतो, आणि दौलताबादहून खुलताबादचा घाट चढून परत उतरायला लागलात की बोटं पुढं आपटून नख काळं पडलंच म्हणून समजा. म्हणून शूज संध्याकाळी घ्यायला जा, जमलं तर पळून झाल्यावर, आणि पळताना घालता तेच मोजे घालून जा. सुती मोजे लाँग रनला नकोतच, घाम धरून ठेवतात आणि फोड येतात. घरी कागदावर टाच भिंतीला टेकवून उभं राहा, दोन्ही पाय मोजा, जो मोठा असेल तो धरा, आणि पुढं साधारण अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहील असा नंबर घ्या. यूके आठ म्हटलं की सगळ्या कंपन्यांचा आठ सारखा नसतो, यूएस नंबर तर अजून गोंधळ घालतो, त्यामुळं खोक्यावर सेंटीमीटर लिहिलेले असतात ते बघा. आणि रुंदी विसरू नका, लहानपणापासून अनवाणी नाहीतर चपलेत वावरलेल्या आपल्या लोकांचा पंजा बऱ्याचदा रुंद असतो, शूज बाजूनं आवळतोय म्हणून एक नंबर मोठा घेतला की टाच ढिली पडते, त्यापेक्षा त्याच नंबरात वाइड मिळतो का विचारा.

परदेशातले रिव्ह्यू बघून शूज घेताना आपला रस्ता कुणी लक्षातच घेत नाही बघा. तिकडं गुळगुळीत डांबर, आपल्याकडं डांबर संपलं की मुरूम, मुरूम संपला की शेताची वाट, आणि पावसाळा संपला की जिकडं तिकडं सराटे. हल्ली वजन वाचवायला खालून रबर कमी लावतात, फोम उघडाच सोडतात, अशा सोलमध्ये सराटे अन् बाभळीचे काटे सरळ घुसतात आणि खडी फटीत अडकून फोम फाडते. तुमचा अर्धा रस्ता कच्चा असेल तर टाचेखाली आणि पंजाखाली पूर्ण रबर असलेलाच घ्या, वीस-तीस ग्रॅम वजन वाढलं तरी चालेल. आणि पावसात काळ्या रानातून पळू नका, चिखल सोलला धरून पाय दुप्पट जड होतो, त्याला कुठलाच रोडचा शूज उपाय नाही, त्या महिन्यात सरळ डांबर किंवा मैदान धरा.

बीड जिल्ह्यात आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचे अविनाश साबळे, त्यांनी २०२० ला दिल्लीत हाफ मॅरेथॉन १ तास ३० सेकंदांत पळून राष्ट्रीय विक्रम केला, आपल्या पोरांना त्यांचा अभिमान आहे आणि असायलाच पाहिजे. पण मोठ्या खेळाडूच्या पायात रेसच्या दिवशी जो शूज दिसतो तो रेसचा असतो, रोजच्या ट्रेनिंगचा नसतो. कार्बन प्लेटचा, म्हणजे सोलमध्ये कार्बनची कडक पट्टी असलेला रेसचा शूज रोज घासायला घेऊ नका, महाग पडतो आणि त्यातला फोम लवकर संपतो. याच्या उलटी चूक म्हणजे पोलीस भरतीच्या १६०० मीटरसाठी घेतलेला पातळ सोलचा शूज घेऊन वीस किलोमीटरला निघणं. रोजच्यासाठी मधला डेली ट्रेनर, म्हणजे रोजच्या सरावाचा शूज बरा, आणि नवीन मॉडेल आलं की मागच्या वर्षीचं स्वस्तात मिळतं, ते बिनधास्त घ्या. फर्स्ट कॉपी मात्र अजिबात नको, वरून तसाच दिसतो पण आतला फोम भलताच असतो.

ड्रॉप हा शब्द बरेच जण सोडून देतात. टाचेखालची जाडी वजा पंजाखालची जाडी म्हणजे ड्रॉप, काहींचा दहा-बारा मिलिमीटर असतो, काहींचा चार-पाच. दहावरून एकदम चारवर आलात की सगळा ताण पोटरीवर आणि टाचेच्या मागच्या शिरेवर जातो. बदलायचाच असेल तर तीन-चार आठवडे घ्या, आधी छोट्या रनला घाला.

किलोमीटर मोजत नसाल तर मोजायला लागा. साधारण ५०० ते ८०० किलोमीटरमध्ये फोम दमतो, वरचं कापड नवं दिसतं म्हणून शूज नवा राहत नाही, आठवड्याला ५० किलोमीटर पळणाऱ्याचे ६०० किलोमीटर बारा आठवड्यांत होतात. शूज सपाट फरशीवर ठेवून मागून बघा, एका बाजूला कललेला दिसला की त्याचं काम झालं. परवडत असेल तर दोन जोड आलटून पालटून वापरा. धुतल्यावर मे महिन्याच्या उन्हात पत्र्यावर वाळत टाकू नका, डिंक सुटतो आणि फोम खराब होतो, आत कागद कोंबून सावलीत ठेवा.

आता घेऊन झालाय आणि त्रास होतोय त्यांच्यासाठी. बोटांना मुंग्या येतात तर पंजावरची लेस ढिली करा. टाच उचलली जाते तर सगळ्यात वरचं जास्तीचं भोक असतं ना, त्यातून लेसचा फास करून आवळा. एकाच पायाचा गुडघा बाहेरून दुखतो तर आधी रस्ता बघा, समोरून येणाऱ्या गाड्या दिसाव्यात म्हणून आपण उजव्या कडेनं पळतो हे बरोबरच आहे, पण कडेला रस्ता उतरता असतो आणि रोज तोच पाय खाली पडतो, आठवड्यातले काही रन सपाट मैदानावर करा. नव्या शूजमध्ये पोटरी भरून येते तर बहुतेक ड्रॉपमुळं. आणि नडगीच्या हाडावर एका ठिकाणी बोट ठेवलं की कळ येत असेल, चालतानाही दुखत असेल, तर नवा शूज शोधत बसू नका, पळणं आजच थांबवा आणि हाडाच्या डॉक्टरला दाखवा.