सारसबाग बघायची तर आधी तळं बघा

पाहुण्यांना सारसबाग दाखवायची पुण्यातली पद्धत ठरलेली आहे. गेटातून आत, गणपतीला नमस्कार, बाहेर येऊन पावभाजी. पाऊण तासात उरकतं. आमच्याकडे नाशिकहून भावजय पोरांना घेऊन येते, तेव्हा मी जरा वेगळ्या वाटेने नेते. मला विचाराल तर पायाखालची हिरवळ म्हणजे एकेकाळचा तळ्याचा तळ, एवढं डोक्यात ठेवून आत शिरलात की बाग आपोआप उलगडते.

सकाळी लवकर या. रविवारी संध्याकाळी गाडी घेऊन येणाऱ्यांना मी काही सांगणार नाही, त्यांचं नशीब त्यांच्यापाशी. मेट्रोने स्वारगेटला उतरलात तर रमतगमत चालत येता येतं. सणस मैदान विचारा, बाग समोरच आहे.

आत आल्यावर लगेच देवळाकडे धावू नका. आधी पर्वती कुठे दिसते ते बघा. टेकडीवरचं देवदेवेश्वराचं देऊळ 1749 चं, नानासाहेब पेशव्यांनी बांधलेलं. पायथ्याची ही दलदल त्यांनीच खोदवून घेतली, आंबील ओढ्याचं पाणी अडवलं आणि तळं केलं. मधोमध सुमारे पंचवीस हजार चौरस फुटांचं बेट मुद्दाम राखलं आणि त्यावर बाग फुलवली. मूळची सारसबाग ती एवढीच! नानासाहेबांचे नातू सवाई माधवराव, त्यांनी 1784 मध्ये या बेटावर गणपती बसवला. जुनी माणसं अजून ‘तळ्यातला गणपती’च म्हणतात. पेशवे नावेत बसून मसलती करायचे आणि नावाडी मुद्दाम मराठी न कळणारे हबशी ठेवायचे, असंही सांगतात. खरं-खोटं देव जाणे, पण पोरं या गोष्टीला कान टवकारतात, तेव्हा ती हिरवळीवर बसून इथेच सांगून टाकायची.

आता देवळाच्या पायऱ्या चढा. आपण बेटावर चढतोय, हे पोरांना चढतानाच सांगा. वर गेल्यावर चहूकडे खाली पसरलेली बाग दिसते आणि पाणी कुठवर असेल याचा अंदाज बांधता येतो. मूर्ती लहानशी, पांढरी. थंडीत गेलात तर बाप्पा लोकरीचा स्वेटर आणि कानटोपी घालून बसलेले दिसतील. आमची भाची पहिल्यांदा हे बघून पुजाऱ्यांना विचारत होती, "मफलर कोण विणतं?" आवारातच गणपतीच्या शेकडो मूर्तींचं छोटं संग्रहालय आहे, त्याला वेगळा वेळ ठेवा. चतुर्थीला मात्र रांग लांबते, तेव्हा बाग बघायला येणाऱ्याने तो दिवस टाळावा.

उतरताना देवळाभोवतीच्या पाण्यापाशी थांबा. कमळाची पानं, खाली मासे, नशीब असेल तर काठावर ऊन खात बसलेलं कासव. एवढ्या मोठ्या तळ्याची आठवण म्हणून हेच काय ते पाणी उरलंय. लाह्या, पाव, बिस्किटं काही टाकू नका, पाणी नासतं.

पोरं एव्हाना कंटाळलेली असणार, तेव्हा शेजारच्या पेशवे पार्कात चला. हे 1953 साली सुरू झालं. आमच्या पिढीला ते वाघ-सिंहांचं पार्क म्हणून आठवतं. पुढे प्राणी कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात हलवले. आता तिथे ऊर्जा उद्यान आणि साहसी खेळांची बाग आहे. पायडल मारून वीज कशी तयार होते ते पोरांना स्वतःच्या पायांनी कळतं. आणि फुलराणी! 1956 च्या एप्रिलपासूनची ही छोटी आगगाडी. कधी दुरुस्तीसाठी बंद असते, म्हणून पोरांना कबूल करण्याआधी तिकीट खिडकीवर विचारून घ्या. नाहीतर रडारड तुम्हीच निस्तरा.

फिरायला, पळायला, व्यायामाला रोज येणाऱ्यांची गर्दी उजाडताच असते. त्यांच्या वाटेत उभं राहून फोटो काढू नका, आजोबा मंडळी स्पष्ट बोलतात. दिवाळी पाडव्याच्या पहाटे मात्र सगळे नियम बाजूला: हजारो पणत्या, नवे कपडे, तरुण पोरांची झुंबड. त्या दिवशी उजाडायच्या आत पोहोचा आणि लहानग्यांचा हात सोडू नका.

खाणं शेवटी ठेवा. बागेबाहेरची चौपाटी, म्हणजे खाऊच्या गाड्या, संध्याकाळी रंगते. सकाळी आलेल्यांनी सरळ टिळक रोडच्या दिशेने चालायला लागावं, वाटेत कुठेही चहा-पोहे मिळतात. सोबत पाण्याची बाटली आणि हिरवळीवर अंथरायला एक जुनी चादर असू द्या. दव पडलेलं असतं, आणि ओल्या पँटीने मेट्रोत बसायला पोरं कुरकुरतात.