आरपीजी खेळताना या चुका टाळा: उसने बिल्ड, अडलेले बॉस आणि पुसून टाकलेले निर्णय

आरपीजी, म्हणजे एक पात्र घडवत आणि वाढवत नेण्याचे गेम्स, खेळणारं कुणी ‘हा बॉस (मोठा शत्रू) काही केल्या मरत नाही’ असं सांगत आलं, की मी बॉसबद्दल काहीच विचारत नाही. आधी तुझं कॅरेक्टर शीट, म्हणजे पात्राच्या लेव्हल्स आणि कौशल्यांचा तक्ता, दाखव, म्हणते. नव्वद टक्के वेळा की पंचाण्णव, ते मोजलेलं नाही. पण गडबड बहुतेक तिथेच सापडते. माणूस ज्या लढाईत अडकलेला असतो, ती हरायला त्याने चार-पाच तास आधी, लेव्हल वाढवताना, सुरुवात केलेली असते. वर्षानुवर्षं त्याच त्या चुका पाहतेय, म्हणून एकदा नीट लिहून ठेवते. पुढे काही गेम्सचे कथाभाग उघड होतील. द विचर 3 किंवा ड्रॅगन एज: ओरिजिन्स खेळायचे राहिले असतील, तर शेवटचा भाग वाचू नका.

बाराव्या लेव्हलचं बिल्ड तिसऱ्या लेव्हलपासून खेळणं

ही माझ्या डोक्यात जाणारी पहिली चूक. बिल्ड म्हणजे पात्र कसं घडवायचं त्याचा आराखडा.

माझा धाकटा मावसभाऊ बाल्डर्स गेट 3 खेळत होता. गॉब्लिनांच्या तळावर ड्रोर रॅग्झलिन या बॉसच्या दालनात तो दोन संध्याकाळी अडकला होता. ‘ताई, या लढाईत काहीतरी बग आहे,’ इथपर्यंत आला होता. शीट उघडलं. एकूण लेव्हल 5. त्यात तीन क्लास, म्हणजे पात्राचे पेशे: पॅलाडिन 2, सॉर्सरर 2 आणि वॉरलॉक 1. कुठल्यातरी गाइडमधलं बिल्ड होतं. गाइड खोटं नव्हतं, पण ते बाराव्या लेव्हलचं होतं आणि 12 ही या गेममधली शेवटची लेव्हल आहे. कुठला क्लास कितव्या लेव्हलला घ्यायचा, हे सांगणारा परिच्छेद याने वाचलाच नव्हता.

आता पाचव्या लेव्हलला काय घडतं ते बघा. पॅलाडिन, फायटर, रेंजर, बार्बेरियन यांना त्या क्लासची पाचवी लेव्हल मिळाली की एका ॲक्शनमध्ये दोन वार करता येतात. सॉर्सररची पाचवी लेव्हल आली की फायरबॉलसारखे तिसऱ्या पातळीचे मंत्र उघडतात. त्याआधी चौथ्या लेव्हलला फीट, म्हणजे एक खास कौशल्य, मिळतं. हे सगळं त्या त्या क्लासच्या लेव्हलवर मोजलं जातं, एकूण बेरजेवर नाही. म्हणजे याच्याकडे दुसरा वार नाही, फायरबॉल नाही, फीटही नाही. तीन घरचा पाहुणा उपाशी, तसला प्रकार. समोर मात्र पाचव्या लेव्हलच्या पार्टीला (खेळाडूच्या गटाला) जड जावी अशी टोळी उभी.

मी त्याला पार्टीच्या स्वतःच्या मुक्कामाच्या तळावर विदर्सकडे नेलं. हा सांगाड्यासारखा म्हातारा 100 सोन्याची नाणी घेऊन सगळ्या लेव्हल्स नव्याने वाटून देतो. पाचही लेव्हल्स पॅलाडिनमध्ये टाकल्या. दोन हातांची तलवार तीच, चिलखत तेच. पुन्हा दालनात गेलो. या वेळी आधी धनुष्यवाला वर तुळईवर चढवला, कारण उंचावरून नेम धरला की फाशावर 2 जास्त मिळतात. मग माझ्या मावसभावाची पाळी आली. पहिला वार लागला: तलवारीचे सहा बाजूंचे दोन फासे, वर स्माइटचे, म्हणजे पॅलाडिनच्या जादुई जादा माराचे, आठ बाजूंचे दोन. रॅग्झलिनच्या जीवाच्या पट्टीचा मोठा तुकडा गेला. मावसभावाने सवयीने पाळी संपवण्याच्या बटणाकडे कर्सर नेला. ‘थांब,’ म्हटलं, ‘अजून एक वार बाकी आहे.’ त्याने पुन्हा मारलं, पुन्हा स्माइट. दोन संध्याकाळी जे झालं नव्हतं, ते दुसऱ्या प्रयत्नात झालं.

माझी पद्धत साधी आहे. पाचव्या लेव्हलपर्यंत एकच क्लास, दुसऱ्याकडे बघायचंही नाही. त्यानंतर मल्टिक्लास करायचं असेल, तर पुढच्या तीन लेव्हल्समध्ये दोन्हीकडे काय मिळतं आणि काय लांबणीवर पडतं, हे वाचूनच बटण दाबायचं. गाइड वाचायला माझी ना नाही. पण गाइडचं शेवटचं चित्र बघून सुरुवात करणाऱ्यांना मी दरवेळी हेच सांगते, की तुम्हाला बारावी लेव्हल नाही, आजची संध्याकाळ खेळायची आहे.

जीव न वाढवणं

एल्डन रिंगमध्ये विगर नावाचा आकडा आहे. त्यावर तुमचा एचपी, म्हणजे किती मार सोसाल ते, ठरतो. नवा खेळाडू लेव्हल वाढवायला लागणारे सगळे रून्स ताकदीत किंवा इंटेलिजन्समध्ये घालतो आणि विगर 10-12 वर सोडून देतो, कारण व्हिडिओत कुणीतरी एका फटक्यात बॉस उडवलेला असतो. त्या व्हिडिओतल्या माणसाला समोरच्याची प्रत्येक हालचाल पाठ आहे. त्याला जीव कमी असून चालतो, तुम्हाला नाही चालणार.

विगर 40 ला एचपी 1450 होतो, 60 ला 1900. तिथून 99 पर्यंत नेला, तर 39 पॉइंट घालून हाती फक्त 200 येतात. म्हणून मी आधी 40 गाठते, सावकाश 60 कडे जाते आणि तिथे थांबते. हत्याराला लागणारे किमान आकडे एवढाच अपवाद. सुरुवातीला फटक्याची ताकद आकडे वाढवून फारशी वाढतही नाही. ती वाढते स्मिदिंग स्टोनने हत्यार सुधारून, आणि त्याचाच लोकांना कंटाळा.

मग मार्गिट. स्टॉर्मव्हेल किल्ल्याच्या वाटेवरचा हा बॉस नवख्यांचा घामटा काढतो, कारण तो काठी उगारतो आणि तशीच धरून ठेवतो. काठी वर गेली की तुम्ही घाबरून लोळण घेता. लोळण संपते, तुम्ही उभे राहता, आणि तेव्हा काठी खाली येते. काठी वर जाताना बटण दाबायचंच नाही, ती खाली यायला लागली की दाबायचं. मी नव्या बॉससमोर पहिले चार-पाच प्रयत्न हल्लाच करत नाही. फक्त बघते, चुकवते आणि मरते. मेलं की जवळचे रून्स तिथेच पडतात, म्हणून जाण्याआधी ते खर्च करून टाकते, म्हणजे जीव अडकून राहत नाही. घाई असलेल्यांना हे पटत नाही. ते चाळीस वेळा तसेच धावत जातात आणि चाळिसाव्या वेळीही त्यांना काठी कधी खाली येते ते माहीत नसतं.

अंगावरचं वजन एकदा तपासा. क्षमतेच्या 70 टक्क्यांच्या वर गेलं की लोळण जड आणि आखूड होते. निम्म्या लोकांचं ‘मला टायमिंग जमत नाही’ हे दुखणं शिरस्त्राण काढल्यावर बरं होतं.

आणि नाहीच जमलं तर तिथून निघा. दक्षिणेला वीपिंग पेनिन्सुला अख्खं पडलंय. तिथे फिरा, स्टोन गोळा करा, चार-पाच लेव्हल्स वाढवून परत या. गेम मोकळा आहे तो याचसाठी. रेना या पात्राकडून मिळणारी घंटा वाजवून आत्मे मदतीला बोलावणं म्हणजे फसवणूक, असं म्हणणाऱ्यांचं अजिबात ऐकू नका. ती घंटा गेमनेच तुमच्या हातात दिली आहे.

थोडक्यात उरकण्यासारख्या चुका

औषधं साठवून ठेवणं. शेवटच्या बॉसनंतर बॅगेत साठ बाटल्या उरतात, त्या कुणासाठी?

बाल्डर्स गेट 3 मध्ये एका पात्राचा एका वेळी एकच कॉन्सन्ट्रेशनचा, म्हणजे लक्ष धरून टिकवायचा, मंत्र टिकतो. ब्लेस हा असाच मंत्र टाकून त्याच पात्राने लगेच कॉन्सन्ट्रेशनचाच दुसरा मंत्र टाकला, तर ब्लेस गेला.

प्रोफिशियन्सी (वापरण्याचं प्रशिक्षण) नसलेलं चिलखत जादूगाराला घालू नका, मंत्रच टाकता येणार नाहीत.

विचर 3 मध्ये स्किलवर पॉइंट खर्च करून ते स्लॉटमध्ये (चालू स्किल्सच्या खणात) न ठेवणं. स्लॉटबाहेरचं स्किल काहीच काम करत नाही.

स्कायरिममध्ये लोहारकाम, बोलणं असली स्किल्स वाढली तरी तुमची लेव्हल वाढते आणि तिच्याबरोबर बरेच शत्रूही तगडे होतात. शंभर खंजीर घडवून मग तलवार शिकायला निघू नका.

विश्रांतीला घाबरणं

बाल्डर्स गेट 3 ची कथा तुम्हाला बजावते की डोक्यात किडा आहे, दिवस थोडे आहेत. लोक ते इतकं मनावर घेतात की लाँग रेस्ट, म्हणजे तळावरची रात्रीची झोप, घेतच नाहीत. मंत्र संपलेले, पार्टी अर्धमेली, आणि पुढची लढाई सुरू. झोपल्यामुळे किड्याची घडी काही पुढे सरकत नाही. उलट सोबत्यांचे कितीतरी प्रसंग रात्री तळावरच घडतात, ते हातचे जातात. काही जागा मात्र खरोखर थांबत नाहीत: जळती वॉकीन्स रेस्ट सराय दिसल्यावर झोपलात, तर आतली माणसं वाचत नाहीत. माझा नियम असा, की डोळ्यांसमोर आग किंवा आरडाओरडा असेल तर आधी तो निस्तरायचा. एरवी मंत्र निम्मे झाले की झोपायचं.

निर्णय पुसून टाकणं

डोक्यात जाणारी ही दुसरी चूक. आणि हिच्याबद्दल मला पहिलीपेक्षाही जास्त वाटतं.

विचर 3 मी पहिल्यांदा खेळले तेव्हा व्हेलेन प्रांतातल्या टेकडीवर, झाडाच्या मुळांत कोंडलेल्या आत्म्यापाशी पोचले. तो म्हणत होता, मला सोडव, मी दलदलीतल्या अनाथ मुलांना वाचवतो. मी सोडवलं. मुलं वाचली आणि मी निश्चिंत झाले. नंतर तिथला सत्ताधारी असलेल्या बॅरनच्या बायकोचा, ॲनाचा, शाप सुटला आणि ती त्याच्या हातात मेली. त्यानंतर त्याच्या क्रोज पर्च किल्ल्यावर परतले तर बॅरन झाडाला लटकत होता. ज्या माणसाचा मला आधी राग आला होता, मग कीव आली होती, त्याच्या पायांकडे मी कितीतरी वेळ बघत बसले.

मग मी तीच चूक केली. जुना सेव्ह (खेळ जिथे साठवला होता ती जागा) शोधला आणि मागे गेले. आत्म्याला मारलं. आता ॲना जिवंत राहिली, पण वेडी झाली. बॅरन तिला घेऊन ब्लू माउंटन्सकडे उपचारासाठी निघाला. मुलं मात्र नाहीशी झाली होती. दोन्ही शेवट हातात घेऊन मी तोलत बसले आणि माझ्या लक्षात आलं की आता मला कुणाचंच वाईट वाटत नाहीये. बॅरन, मुलं, ॲना, सगळे तक्त्यातल्या रकान्यांसारखे झाले होते. पहिल्या वेळी जे पोटात तुटलं होतं, ते मी स्वतः पुसलं होतं. ते परत आलं नाही, पुढे अख्खा गेम पुन्हा खेळले तेव्हाही नाही.

या गेममध्ये निर्णय आणि परिणाम यांच्यात तासांचं अंतर मुद्दाम ठेवलंय, सेव्हने सहज मागे जाता येऊ नये म्हणूनच. म्हणून ‘सर्वांत चांगला शेवट कसा मिळेल’ हे आधी शोधून खेळणाऱ्यांना मी कळकळीने सांगते: निदान पहिल्या वेळी नको. चुकलं तर चुकू दे.

पण निर्णय न पुसणं म्हणजे निर्णय आंधळेपणाने घेणं नव्हे. ड्रॅगन एज: ओरिजिन्समध्ये रेडक्लिफच्या किल्ल्यात कॉनर नावाच्या मुलाला राक्षसाने धरलेलं असतं. मुलाला मारा किंवा आईचा बळी देऊन विधी करा, असे दोन पर्याय समोर येतात. कित्येक जण संवाद भराभर पुढे ढकलतात, दोनातला एक निवडतात आणि मग हळहळतात. तिसरा पर्यायही तिथेच असतो: जादूगारांच्या सर्कलकडून मदत आणायची. सर्कलचे जादूगार तुमच्यामुळे वाचलेले असतील, तर ते येतात आणि आई-मुलगा दोघंही जगतात. मदत आणायला गेलात म्हणून मागे काही बिघडत नाही. पण त्यासाठी खोलीतल्या प्रत्येकाशी बोलावं लागतं, आणि बोलणं संपेपर्यंत थांबावं लागतं.

मी आता तीन सेव्ह ठेवते. एक सध्याचा, एक प्रत्येक नव्या प्रदेशात शिरतानाचा आणि एक आदल्या दिवसाचा. तिन्ही फक्त गेम अडकला किंवा फाइल बिघडली तर वापरायचे. संवादात पर्याय समोर आले की मी कंट्रोलर मांडीवर ठेवते आणि सगळे पर्याय एकदा मोठ्याने वाचते. मगच निवडते.