संप्रेरक मोजण्याआधी: मेंदू आणि वर्तनाच्या संशोधनात येऊ पाहणाऱ्यांसाठी

पीएचडीच्या पहिल्या वर्षी चार महिने खपून मिळवलेली कॉर्टिकोस्टेरॉनची सगळी मोजमापे मला टाकून द्यावी लागली, कारण रक्ताचे नमुने मी सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत, सवड मिळेल तसे घेतले होते. कॉर्टिकोस्टेरॉन हे उंदरांमधील ताणाचे प्रमुख संप्रेरक (हार्मोन) असून माणसात तेच काम कॉर्टिसॉल करते. माणसात त्याची पातळी सकाळी जाग येण्याच्या सुमारास सर्वांत जास्त असते. उंदीर निशाचर असल्याने त्यांच्यात ती अंधार पडण्याच्या वेळी चढते. मी औषधाचा परिणाम म्हणून जो फरक मोठ्या उत्साहाने गाईडना दाखवला, तो निव्वळ वेळेचा फरक होता. शिवाय पिंजऱ्याला हात लागल्यापासून साधारण तीन मिनिटांच्या आत रक्त घेतले नाही, तर पकडले जाण्याचा ताणही त्या आकड्यात उतरतो, आणि पिंजऱ्यातला पहिला उंदीर उचलला की मागे राहिलेल्यांना त्याची खबर लागलेलीच असते.

एवढे सांगण्याचे कारण असे की, या विषयाकडे येणारे बहुतेक विद्यार्थी ‘प्रेमाचे संप्रेरक’ ऐकून येतात. मीही तसाच आलो. ते संप्रेरक म्हणजे ऑक्सिटोसिन. ते प्रयोगशाळेत प्रथम बनवणारे व्हिन्सेंट द्यु विन्यो यांना 1955 साली रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, तेव्हा हा रेणू प्रसूती आणि दूध यांच्याशीच जोडला जात असे. पुढे उत्तर अमेरिकेच्या गवताळ प्रदेशातील प्रेअरी व्होल या जोडीने राहणाऱ्या छोट्या प्राण्यामुळे त्याचे नाव नात्यांशी जोडले गेले, कारण मादीच्या मेंदूतील ऑक्सिटोसिनचे ग्राही (पेशींवरील ज्या रेणूंना संप्रेरक जोडले जाते ते) औषधाने अडवले की जोडी जमत नाही असे दिसले होते. मात्र 2023 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जनुकीय बदल करून हे ग्राहीच जन्मापासून नसलेल्या व्होलांनीही जोड्या जमवल्या. याचा अर्थ जुने प्रयोग खोटे होते असा मी लावत नाही. वाढत्या मेंदूने दुसरी वाट शोधली असणे अगदी शक्य आहे. परंतु एक संप्रेरक, एक वर्तन असा सोपा हिशेब मनात धरून आलात, तर पहिल्या दोन वर्षांतच निराशा पदरी येईल.

प्राणिशास्त्र, जीवरसायन, औषधनिर्माण, पशुवैद्यक, मानसशास्त्र अशा अनेक वाटांनी इथे येता येते. एमएस्सीनंतर सीएसआयआर-नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळवणे हा रुळलेला मार्ग. 2023 पासून त्याचे मासिक विद्यावेतन 37,000 रुपये आहे. मुंबईची टीआयएफआर, बंगळुरूची एनसीबीएस, मानेसरचे राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र, पुण्याची आयसर या संशोधन संस्थांमध्ये चेताविज्ञानाचे, म्हणजे मेंदू व मज्जासंस्थेच्या अभ्यासाचे, काम चालते. प्रजननाशी निगडित संप्रेरकांची ओढ असेल त्यांनी परळच्या प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेकडेही पाहावे. परीक्षांची तयारी सगळेच करतात. संख्याशास्त्र मात्र बहुतेक जण टाळतात आणि मग प्रयोग संपल्यावर किती प्राणी घ्यायला हवे होते असे विचारत फिरतात. प्राण्यांची संख्या इथिक्स कमिटीपुढे आधीच समर्थनासह मांडावी लागते, त्यामुळे हा प्रश्न मुळात पहिल्या महिन्याचा आहे.

माद्यांबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण आमच्या विषयातील जुनी उणीव इथेच आहे. उंदराच्या मादीचे ऋतुचक्र चार-पाच दिवसांचे असते. त्या काळात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन वरखाली होतात, आणि म्हणून ‘गोंधळ नको’ असे म्हणत वर्षानुवर्षे केवळ नरांवर प्रयोग होत राहिले. मला हे कारण कधीच पटले नाही. नरांचे टेस्टोस्टेरॉनही दिवसभरात आणि पिंजऱ्यातील वरचढपणानुसार बदलते, पण त्याला कोणी गोंधळ म्हणत नाही. प्रयोगात माद्या घ्या. चक्राची अवस्था तुमच्या प्रश्नाशी निगडित असेल, तर रोज ठरल्या वेळी योनिस्राव काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला शिका. आठवडाभरात हात बसतो, पण डोळा बसायला महिना लागतो.

प्रत्यक्ष काम बरेचसे उंदरांच्या वेळापत्रकावर चालते. त्यांच्या जागेपणी वर्तन पाहायचे म्हणून आम्ही दिवस-रात्र उलटी ठेवतो आणि मंद लाल दिव्यात तासन्‌तास बसतो. प्रयोगाआधी आठवडाभर रोज हाताळल्याने त्यांना आपल्या हाताची सवय होते. ही पायरी गाळणाऱ्याची मोजमापे मी आता पाहतसुद्धा नाही. अत्तर लावून ॲनिमल हाउसमध्ये जाऊ नये, हे सांगूनही लोक विसरतात.

गाईड निवडताना शोधनिबंधांची यादी सगळेच पाहतात. त्याबरोबर लॅबमधील तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला एकट्याला गाठून विचारा की, दिवाळीत आणि रविवारी उंदरांकडे कोण जाते, आणि अपेक्षेविरुद्ध निकाल आल्यावर गाईड आधी काय विचारतात. माझ्या त्या चार महिन्यांच्या आकड्यांवर माझ्या गाईडनी एवढेच विचारले होते की, रक्त किती वाजता घेतले. वहीत वेळेचा रकाना नव्हता.