उद्योजकता शिकवताय? मग या चुका टाळा

मार्च आला की पुण्यातल्या बऱ्याच कॉलेजांत एक ठरलेलं दृश्य दिसतं. सेमिनार हॉलमध्ये एसी लावलेला, पुढच्या रांगेत तीन परीक्षक, मित्राकडून मागून आणलेले ब्लेझर घातलेली मुलं आणि पडद्यावर पीपीटी. शेवटच्या स्लाइडवर पाच वर्षांनंतरची उलाढाल, अर्थातच कोटींत. टाळ्या होतात, ट्रॉफी मिळते, फोटो निघतो. जूनमध्ये त्याच मुलांना विचारा, धंद्याचं काय झालं? 'कुठला धंदा, मॅडम?'

हा विषय मी नऊ वर्षं शिकवते आहे. त्याआधी भावाबरोबर धायरीला पुठ्ठ्याच्या खोक्यांचा छोटा कारखाना चालवला, आणि बंदही केला. तरीही शिकवायला लागल्यावर पहिली तीन वर्षं मीही ट्रॉफ्याच वाटल्या. त्यामुळे पुढच्या बहुतेक चुका माझ्या स्वतःच्याच आहेत.

परीक्षकालाच गिऱ्हाईक करून ठेवणं

सगळ्या घोळाचं मूळ इथे आहे. मुलं हुशार असतात. मार्क कोणाच्या हातात आहेत ते त्यांना पहिल्या आठवड्यात कळतं आणि मग ती त्याच माणसाला माल विकतात. परीक्षकाला काय आवडतं? 'एआय', 'ॲप', 'शेतकऱ्यांसाठी'. हे शब्द आले की झालं. शेतकऱ्यांसाठीचं एआय ॲप दरवर्षी किमान दोन गट आणतात. मार्केट यार्डात पहाटे जाऊन आडत्याशी बोललेला गट मला नऊ वर्षांत एकदाच भेटला.

उपाय सोपा आहे, पण जिवावर येतो, कारण त्यात आपलं काम वाढतं. कल्पनेला शून्य मार्क ठेवा. मार्क द्यायचे ते अनोळखी माणसाने काय केलं याला: त्याने पैसे दिले, ॲडव्हान्स दिला, परत बोलावलं, किंवा नाही म्हणाला आणि का नाही म्हणाला. मी प्रत्येक गटाला दोनशे पानी वही देते. डावीकडे तारीख, ठिकाण आणि माणूस कोण (नाव नको, 'टिळक रोडवरचा झेरॉक्सवाला' एवढं पुरे). उजवीकडे तो जे बोलला ते त्याच्याच शब्दांत. मुलं तिला नकारांची वही म्हणतात. 'त्यांना रस नव्हता' असं लिहिलं तर मार्क नाहीत. 'आम्ही असले प्रकार ठेवत नाही, पुढे बघा' असं लिहिलं तर आहेत. पुण्यात या वहीला मजकुराची टंचाई कधीच पडत नाही.

एक किरकोळ सूचना. मुलांना पेठेतल्या दुकानांत दुपारी दीडला पाठवू नका. काही शटर बंद असतात, आणि जी उघडी असतात त्यांच्यामागचा माणूस त्या वेळी न बोललेलाच बरा.

'तुम्ही हे घ्याल का?' असं विचारणं

सर्वेक्षण म्हटलं की मुलं गुगल फॉर्म बनवतात आणि वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतात. सदाशिव पेठेत आणि नवी पेठेत राहून स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या मुलांना घरगुती, कमी तेलाचा डबा पुरवायचा, असं एका गटाने ठरवलं होतं. फॉर्म भरणारे ९२, त्यात 'हो, नक्की घेईन' म्हणणारे ८१. गट हवेत. मी म्हटलं, त्या ८१ जणांकडून पन्नास रुपये ॲडव्हान्स घेऊन या. आठवड्याने परत आले तेव्हा तिघांनी पैसे दिले होते, आणि त्यातला एक गटातल्या मुलीचा मावसभाऊ निघाला.

'घ्याल का' हा प्रश्न भिडेचा आहे. समोर उभ्या असलेल्या मुलीला नाही कोण म्हणणार? पुढचं विचारू नका, मागचं विचारा. 'गेल्या सात दिवसांत दुपारी काय काय जेवलात? कुठे? किती पैसे गेले? मेस शेवटची कधी बदलली आणि कशामुळे?' त्याच गटाने हे प्रश्न घेऊन अभ्यासिकांबाहेर दोन संध्याकाळी घालवल्या आणि वेगळंच हाती आलं. तेलाची तक्रार फारशी कोणाचीच नव्हती. रविवारी संध्याकाळी मेस बंद असते, ही सगळ्यांची तक्रार होती. त्यांनी फक्त रविवार संध्याकाळचे डबे सुरू केले. पहिल्या रविवारी चौदा गेले.

धंद्याच्या कल्पना बहुतेक वेळा अशाच एखाद्या कोपऱ्यातून येतात. क्विक हील या अँटिव्हायरस कंपनीचे कैलाश काटकर यांची सुरुवात पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून झाली. पुढे दुरुस्तीला कॉम्प्युटर येऊ लागले, त्यांत व्हायरसचा त्रास वारंवार दिसू लागला, आणि धाकटे भाऊ संजय यांनी त्यावर प्रोग्राम लिहिला. तक्रार घेऊन आलेलं गिऱ्हाईक टेबलापलीकडे आधीच उभं होतं.

यशोगाथा शेवटापासून सांगणं

पाहुणे बोलवायचेच असतील तर कोटींची उलाढाल झालेले बोलावण्यापेक्षा दोन वर्षांपूर्वी धंदा सुरू करून अजून धडपडणारा माजी विद्यार्थी बोलवा. आणि गोष्ट सांगायचीच असेल तर अर्ध्यावर थांबवा. लक्ष्मणराव किर्लोस्कर म्हटलं की आपण थेट १९१० साली कारखान्याभोवती वसवलेल्या किर्लोस्करवाडीवर उडी मारतो. मी बेळगावला थांबते. सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केलेल्या या माणसाने लोखंडी नांगर तयार केलाय. नांगर लाकडी नांगरापेक्षा चांगला चालतो. पण लोखंडाने जमिनीला विष लागतं अशी शेतकऱ्यांची समजूत आहे, आणि नांगर पडून आहेत. आता तुम्ही काय कराल? किंमत कमी? जाहिरात? फुकट वापरायला द्याल? कोणाला, आणि किती दिवस? माझ्या वर्गात यावर तासभर भांडण चालतं. त्यातल्या शेतकऱ्यांच्या घरच्या मुलांची उत्तरं एरवी मागच्या बाकावरून ऐकू येत नाहीत, त्या दिवशी येतात.

पाचशे रुपये हातात देऊन मोकळं होणं

स्टॅनफर्ड विद्यापीठात एका वर्गात प्रत्येक गटाला पाच डॉलर आणि दोन तास दिले होते, हा प्रयोग आपल्याकडे फार लोकप्रिय आहे. आपण पाच डॉलरचे पाचशे रुपये केले आणि निकाल काय? भेळ, लिंबू सरबत, मेहंदी, भेळ. मूळ प्रयोगाचं मर्म वाटेतच सांडलं. तिथे सगळ्यात जास्त कमावलेल्या गटांनी त्या पाच डॉलरना हातच लावला नव्हता. एका गटाने तर वर्गापुढच्या आपल्या सादरीकरणाची तीन मिनिटं, तिथल्या विद्यार्थ्यांना नोकरी देऊ पाहणाऱ्या कंपनीला विकली होती.

म्हणून मी पैसे देत नाही. आधी यादी करायला लावते: गटात कोणाला काय येतं, कोण कोणाला ओळखतं, घरी काय पडून आहे. मूळच्या भारतातल्या आणि अमेरिकेत शिकवणाऱ्या सरस सरस्वती यांनी २७ अनुभवी उद्योजकांचा अभ्यास केला. त्यातून हाती आलेली एक गोष्ट वर्गात फार उपयोगी पडते: किती मिळेल याचा अंदाज बांधण्याआधी किती गेलं तर झेपेल ते ठरवायचं. आमच्याकडे हा आकडा गट स्वतः ठरवतो, कागदावर लिहितो, सह्या करतो. बहुतेक गट माणशी तीनशेच्या आसपास येतात. कर्ज काढायला मनाई. एकाने मित्राकडून आठ हजार उसने आणले होते, तेव्हापासून.

हिशेब नंतर बघू

इथे मी जरा जास्त वेळ काढते. खोक्यांचा कारखाना बंद पडला तेव्हा आमच्याकडे ऑर्डरी नव्हत्या असं नाही. ऑर्डरवही भरलेली होती. एक मोठं गिऱ्हाईक नव्वद दिवसांनी पैसे देऊ म्हणायचं आणि एकशे चाळीस दिवस लावायचं. कागदवाल्याला मात्र रोख लागायची. कागदोपत्री नफा आणि शनिवारी कामगारांच्या पगाराला पैसे नाहीत, असं अकरा महिने चाललं. छोट्या उद्योगांचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत असं २००६ चा एमएसएमई कायदा सांगतो. तो मला माहीत होता. पण निम्मा धंदा देणाऱ्या गिऱ्हाइकाला कायदा दाखवायची हिंमत कोणात असते?

त्यामुळे ताळेबंद शिकवण्याआधी गल्ला शिकवा. मागच्या दिवाळीत एका गटाने आकाशकंदील केले. रविवार पेठेत बोहरी आळीतून कागद, काड्या, गोंडे असं २२०० रुपयांचं सामान आणलं, चाळीस कंदील केले, १२० ला एक असे ३१ विकले. वर्गात येऊन म्हणाले, '३७२० आले, २२०० गेले, नफा १५२०.' फळ्यावर एकेक ओळ वाढवत गेलो. रिक्षा ३४०. टेबलाचं भाडं ३००. चिकटपट्टी आणि डिंक १६०. उरले ७२०. चौघांनी मिळून तास किती घातले? ८८. म्हणजे तासाला आठ रुपये. वर्गात शांतता. उरलेल्या नऊ कंदिलांचं काय? एक जण म्हणाला, 'ते आहेत ना मॅडम, स्टॉकमध्ये.' भाऊबीजेनंतर आकाशकंदिलाला स्टॉक म्हणत नाहीत, माळ्यावरचं सामान म्हणतात.

या गटाला मी वर्गात सगळ्यात जास्त मार्क दिले. कारण पुढच्याच तासाला त्यांनी स्वतःहून विचारलं, की ऑर्डर आधी घेऊन तेवढेच केले असते तर? सोसायट्यांना एकगठ्ठा वीस दिले असते तर? तोट्याला मार्क कापाल तर पुढच्या वर्षी सगळ्या गटांना नफा झालेला दिसेल. तसे हिशेब लिहायला एक रात्र पुरते.

कंपनी आधी, गिऱ्हाईक नंतर

दुसऱ्या महिन्यात मुलं येतात, 'मॅडम, प्रायव्हेट लिमिटेड काढायची.' काढू देऊ नका. विक्री शून्य असली तरी दरवर्षीची कागदपत्रं आणि सीएची फी चुकत नाही. मालाची उलाढाल वर्षाला ४० लाखांच्या आत आणि सेवेची २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. छोट्या उद्योगांची 'उद्यम' नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, तरी तिचे हजार रुपये घेणारे एजंट मुलांना सापडतातच. पहिल्या वर्षात काही मुलं अजून सतरा वर्षांची असतात. त्यांनी केलेला करार कायद्याने टिकत नाही आणि भागीदार म्हणून सहीही चालत नाही.

उलट जिथे कागद खरंच लागतो तिथे आपण काणाडोळा करतो. खाण्याचा पदार्थ घरच्या ओट्यावर करून विकला तरी अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, म्हणजे एफएसएसएआयची, नोंदणी लागते. पाकीटबंद मालावर करणाऱ्याचं नाव-पत्ता, वजन, महिना-वर्ष, किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क हवा. लेबल लिहायला बसवा. निम्म्या गटांना आपल्या चटणीचं वजन तिथे पहिल्यांदा कळतं.

नव्या उद्योगांना जागा, साधनं आणि सल्ला देणाऱ्या इन्क्युबेशन सेंटरचंही तसंच. पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या (एनसीएल) आवारातलं व्हेंचर सेंटर किंवा सीओईपी या अभियांत्रिकी विद्यापीठाचं भाऊ इन्स्टिट्यूट आहे. प्रयोगशाळेतून काही निघालं असेल तर मुलांना जरूर पाठवा. रविवारच्या डब्यांना इन्क्युबेटर लागत नाही, मोठा कुकर लागतो.

मध्येच अडलं तर

चौघांच्या गटात एकच राबतोय: हे होणारच, म्हणून आधीच अर्ध्या पानावर लिहून घ्या. कोणाचे किती पैसे, शेवटचा शब्द कोणाचा, कोणी सोडून गेलं तर त्याच्या पैशाचं काय. भांडण झालं तर मी मध्ये पडत नाही, ते अर्धं पान वाचायला लावते.

विक्री अचानक वाढली: काकूंनी दहा घेतले असतील. नातेवाईक, वर्गमित्र आणि शिक्षक यांना झालेली विक्री आमच्याकडे धरत नाहीत. शिक्षक हा शब्द मुद्दाम घातलाय. स्टाफरूममध्ये माल खपवणं फार सोपं असतं.

हिशेब फारच गुळगुळीत दिसतोय: यूपीआयची नोंद त्याच दिवशी बघा, महिन्याने नको. रोजची भवानी किती वाजता झाली ते विचारा. खरं विकलेल्याला ते आठवतं.

मूल बोलायलाच घाबरतंय: त्याला एकट्याने पाठवू नका, आणि विकायला तर नकोच. पहिले दोन दिवस नुसतं तुळशीबागेत उभं राहून एका दुकानावर किती जण थांबले, किती जणांनी भाव विचारला आणि किती जणांनी घेतलं ते मोजायला सांगा. तिसऱ्या दिवशी ते आपणहून काहीतरी विचारून येतं.

घरून फोन आला, 'इंजिनिअरिंगला घातलंय, भाजी विकायला नाही': त्यांना वही दाखवा. वाद घालू नका.

बाहेरून येणारे परीक्षक म्हणतात, प्रकल्प अहवाल कुठाय: अहवाल द्या, विद्यापीठाला तो लागतोच, पण वर वही ठेवा. गेल्या वर्षी आलेल्या सरांनी आधी भुवया उंचावल्या, मग वही चाळायला लागले आणि अहवाल उघडायचा राहूनच गेला. दुकानांसाठी हाताने रंगवलेल्या पाट्या करणाऱ्या एका मुलीची वही होती. मध्येच थांबून त्यांनी विचारलं, 'हे हार्डवेअरवाले काका तीनदा नाही म्हणालेत. पुढे?' ती म्हणाली, 'परवा त्यांचाच फोन आला सर. सहा पाट्या पाहिजेत म्हणाले. पण ॲडव्हान्स द्यायला तयार नाहीत.'